रेन्टन फुटबॉल क्लब : एका गावाचा उदयास्त

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, सनदा, तहनामे आणि राजवंश उभे राहतात. आज आम्ही जो विषय घेतला आहे त्यात राजा नाही, तह नाही, आणि ज्या लढाया आहेत त्या दीड तासात संपणाऱ्या आहेत. स्कॉटलंडमधील रेन्टन नावाच्या एका लहान गावात १८७२ साली एक फुटबॉल क्लब निघाला. १८८८ साली त्याने आपल्या दारावर जगज्जेतेपदाची पाटी लावली, आणि १९२२ साली तो कायमचा बंद पडला. अवघ्या पन्नास वर्षांची ही हकीकत आहे. रत्नागिरीच्या नागरिकांनी ती का ऐकावी, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर आरंभीच देऊन ठेवतो. त्या गावाचे पोट ज्या मालावर चाले, त्या मालाचे एक मोठे गिऱ्हाईक हिंदुस्थान होते. आणि तो क्लब ज्या दुखण्याने गेला, ते दुखणे कोकणाला परके नाही. घरची कर्ती माणसे शहराकडे जाणे, हेच ते दुखणे.

प्रथम गावाची ओळख करून घेऊ. लॉक लोमंड नावाच्या विस्तीर्ण सरोवरातून लीव्हन ही नदी निघते आणि पाच-सहा मैल वाहून डंबार्टन गावापाशी क्लाइड नदीला मिळते. या चिमुकल्या नदीच्या काठी अलेक्झांड्रिया, बॉनहिल आणि रेन्टन ही गावे आहेत. रेन्टन हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्मॉलेट घराण्याने वसविले आणि त्याला घरच्या सुनेचे माहेरचे आडनाव दिले. नदीचे पाणी स्वच्छ आणि मऊ. कापड धुण्यास व रंगविण्यास असे पाणी म्हणजे लक्ष्मीच. एकोणिसाव्या शतकात या खोऱ्यात रंगाचे प्रचंड कारखाने उभे राहिले. त्यांचा मुख्य माल होता ‘टर्की रेड’, म्हणजे तुर्की लाल रंगाचे सुती कापड.

हा रंग साधणे सोपे नव्हते. मंजिष्ठेच्या जातीच्या एका झाडाच्या मुळापासून तो निघे. कापडाला तेल पाजायचे, शेणाच्या पाण्यात काढायचे, तुरटीत बुडवायचे, पुन्हा धुवायचे, मग रंगाच्या कढईत घालायचे, असे कित्येक हात त्याच्यावरून फिरत. त्यासाठी आठवडेच्या आठवडे लागत. पण एकदा बसलेला रंग ऊन, पाणी आणि साबण यांना दाद देत नसे. १८६८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी या मुळातील रंगद्रव्य डांबरापासून बनविण्याची कृती शोधून काढली. त्यानंतर हा माल अधिक स्वस्त आणि अधिक मुबलक झाला.

आता तांबड्या कापडाची आवड कोणाला? पोथीला लाल बासन बांधणाऱ्या आणि जमाखर्चाच्या चोपडीला लाल पुठ्ठा घालणाऱ्या आपल्या देशाला. रेन्टन आणि अलेक्झांड्रिया येथील छापखान्यांत मोर, कुयऱ्या आणि वेलबुट्ट्या हिंदी गिऱ्हाइकांच्या आवडीप्रमाणे कापडावर उठविल्या जात. गठ्ठ्यांवर डकविण्याच्या रंगीत तिकिटांवर आपल्या देवादिकांची चित्रे असत. ज्या कारागिराने मुंबई बंदर जन्मात पाहिले नाही, त्याची चूल मुंबईच्या बाजारावर पेटत असे.

या कामकऱ्यांची मुले पूर्वी शिंटी खेळत. शिंटी हा काठीने चेंडू टोलविण्याचा, हॉकीच्या जातीचा रांगडा खेळ. १८७२ साली ग्लासगोच्या क्वीन्स पार्क क्लबने या खोऱ्यात येऊन फुटबॉलचा खेळ करून दाखविला. त्याच वर्षी अलेक्झांड्रियाचा ‘व्हेल ऑफ लीव्हन’, ‘डंबार्टन’ आणि ‘रेन्टन’ असे तीन क्लब निघाले. गिरण्यांना आणि कारखान्यांना शनिवारी दुपारनंतर सुट्टी मिळू लागली होती, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे. मोकळी दुपार, नदीकाठचे मैदान आणि हाकेच्या अंतरावर तीन ईर्ष्यावान गावे, इतकी सामग्री खेळाला पुरेशी झाली.

१८७३ च्या ऑक्टोबरात स्कॉटिश कपची पहिली स्पर्धा सुरू झाली. रेन्टनने किल्मार्नॉकचा दोन गोलांनी पराभव केला, तो त्या स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी. १८७५ साली रेन्टन अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आणि क्वीन्स पार्ककडून हरले. १८७७ ते १८७९ अशी सलग तीन वर्षे व्हेल ऑफ लीव्हनने तो कप नेला. १८८३ साली डंबार्टनने नेला. शेजाऱ्यांच्या घरी चार वेळा गेलेला कप १८८५ साली रेन्टनच्या घरी आला, आणि तोही व्हेल ऑफ लीव्हनलाच हरवून. या विजयातली गोडी शेजारी राहिलेल्यांनाच कळेल!

पुढे १८८८ साल उजाडले. फेब्रुवारीत रेन्टनने कँबुसलँग संघाचा सहा विरुद्ध एक असा धुव्वा उडवून दुसऱ्यांदा स्कॉटिश कप जिंकला. तिकडे इंग्लंडचा कप वेस्ट ब्रॉमिच अल्बियनने जिंकला होता. या दोन विजेत्यांचा सामना १९ मे १८८८ रोजी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर ठरला. मेघगर्जना आणि मुसळधार पाऊस यांत तो झाला आणि रेन्टनने चार विरुद्ध एक गोलांनी जिंकला. रेन्टनच्या टॉन्टीन पार्क मैदानावर मग पाटी लागली : ‘संयुक्त राज्याचे आणि जगाचे अजिंक्यवीर.’ त्या काळी फुटबॉलचे जग ब्रिटनच्या बेटांपलीकडे फारसे पसरलेले नव्हते, म्हणून या दाव्याला आज कोणी हसेल. आम्हांस हसावेसे वाटत नाही. पाच हजारांच्या आसपास वस्तीच्या गावाने दोन देशांतील नामांकित संघांना मागे टाकले होते, आणि दावा खोडून काढण्यास दुसरे कोणी पुढे आले नव्हते. ज्या वर्षी ही पाटी लागली त्या वर्षी आपल्या रत्नागिरीत ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा कैदेत दिवस कंठीत होता. एकाच साम्राज्याच्या छत्राखाली एका गावाच्या वाट्याला पराक्रमाची पाटी आली होती, तर दुसऱ्याच्या वाट्याला परमुलखातल्या राजाचा पहारा.

उत्कर्षाचे हेच वर्ष ऱ्हासाचेही पहिले वर्ष ठरले. त्याचे कारण समजण्यासाठी त्या वेळचे नियम पाहिले पाहिजेत. इंग्लंडने १८८५ साली धंदेवाईक खेळाडूंना मान्यता दिली. स्कॉटलंडमध्ये मात्र १८९३ पर्यंत पैसे घेऊन खेळणे हा अपराध होता. त्यामुळे इंग्रज क्लबांचे दलाल सीमा ओलांडून येत आणि चांगला खेळाडू हेरून त्याच्याशी बोलणे लावीत. रंगाच्या कढईशी दिवसभर राबणाऱ्या तरुणाला खेळण्यासाठी पगार मिळतो म्हटल्यावर त्याने काय करावे? खुद्द स्कॉटलंडमधल्या शहरी क्लबांनाही वाटा सापडल्या होत्या. उघड पगार नाही, तर नावापुरती नोकरी आणि गुपचूप दिलेले पाकीट.

ग्लासगोच्या पूर्वभागातील गरीब आयरिश वस्तीसाठी नोव्हेंबर १८८७ मध्ये सेल्टिक क्लबची स्थापना झाली होती. २८ मे १८८८ रोजी, म्हणजे हॅम्पडनच्या त्या विजयानंतर नवव्या दिवशी, सेल्टिकने आपला पहिला सामना खेळला. त्यात पहिला गोल केला नील मॅकॅलमने, आणि मधली फळी सांभाळली जेम्स केलीने. दोघेही रेन्टनचे. केली हा रेन्टनच्या संघाचा कणा होता. तो पुढे सेल्टिकचा संचालक झाला, अध्यक्षही झाला. अँड्र्यू हॅना हा रेन्टनचा तिसरा मोहरा इंग्लंडला गेला. एव्हर्टनच्या कर्णधारपदी राहून त्याने १८९१ साली इंग्लिश लीग जिंकली, आणि १८९२ साली नव्याने निघालेल्या लिव्हरपूल क्लबचा तो पहिला कर्णधार झाला. आज जगभर ज्यांची नावे घेतली जातात अशा क्लबांच्या पायात रेन्टनचे दगड बसले आहेत. ज्या घराचे हे दगड, ते घर मात्र राहिले नाही.

१८९० साली स्कॉटिश लीग स्थापन झाली, तिच्या अकरा क्लबांत रेन्टन होते. एकाच खोऱ्यातले तीन क्लब तीत होते, यावरून त्या भागाचे वजन कळते. पण लीग म्हणजे हंगामभर ठरलेल्या तारखांचे सामने आणि दाराशी जमणारा पैसा. ज्याच्या दाराशी मोठे शहर, त्याची पेटी मोठी. शिवाय रेन्टनवर त्याच वर्षी दुसरे संकट कोसळले. एडिंबरोच्या सेंट बर्नार्ड्स क्लबला छुप्या धंदेवाईकपणाबद्दल बंदी झाली होती. त्या संघाने नाव बदलून रेन्टनशी सामना खेळला. हे उघडकीस येताच रेन्टनला स्कॉटिश असोसिएशनने बाहेर काढले आणि त्याचे झालेले पाच सामने रद्द धरले. रेन्टन न्यायालयात गेले, जिंकले आणि पुढील हंगामात परत आले. पण दरम्यान एक अख्खे वर्ष गेले, आणि खेळाडू वर्षभर वाट पाहत बसत नाहीत.

पुढचा उतार सरळ आहे. १८९४ साली शेवटच्या क्रमांकावर आल्याने क्लब दुसऱ्या विभागात गेला. १८९५ साली विझत्या ज्योतीने एकदा उसळी घेतली. रेन्टन पुन्हा स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात गेले आणि दोन विरुद्ध एक असे हरले. हरविणारा संघ होता तोच सेंट बर्नार्ड्स! १८९७ च्या हंगामात चार सामने खेळून रेन्टनने लीग सोडली आणि त्याची जागा हॅमिल्टन अॅकॅडेमिकलने घेतली. त्यानंतर पंचवीस वर्षे क्लब लहानसहान स्पर्धांत कसाबसा तगला आणि १९२२ साली मिटला. व्हेल ऑफ लीव्हनचा मूळ क्लबही १९२९ साली गेला. तिघांतला डंबार्टन तेवढा टिकला.

क्लबाच्या इतिहासाशेजारी कारखान्यांचा इतिहास ठेवून पाहावा. रेन्टनने लीग सोडली १८९७ मध्ये. १८९८ मध्ये खोऱ्यातील तीन मोठ्या रंग-कारखानदारांना तगून राहण्यासाठी एकत्र येऊन ‘युनायटेड टर्की रेड’ कंपनी काढावी लागली. बाजार आकसत चालला होता. त्याच्या कारणांपैकी एक आपल्या अगदी जवळचे आहे. १८५४ पासून मुंबईत कापडाच्या गिरण्या निघू लागल्या. १८७९ साली नवरोजी वाडियांनी बॉम्बे डाइंग सुरू केली, तेव्हा हाताने रंगविल्या जाणाऱ्या सुताच्या पहिल्या रंगांत टर्की रेड होता. आणि या गिरण्यांत साच्यावर उभे राहणारे हात कोणाचे होते? त्यांतले हजारो हात आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचे होते. भगवती बंदरावरून आगबोटीने गेलेला चाकरमानी आणि लीव्हनकाठचा रंगारी यांनी एकमेकांचे नावही ऐकले नव्हते, तरी एकाच्या पोटाची गाठ दुसऱ्याच्या पोटाशी पडली होती. पुढे १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्याही एकामागून एक बंद पडल्या. लीव्हनकाठचे धुराडे त्याच्या वीस वर्षे आधीच विझले होते.

मग रेन्टनचा क्लब कोणी मारला? कोणी म्हणेल असोसिएशनने, कोणी म्हणेल पैशाच्या लोभाने. केलीला आणि हॅनाला दोष देण्याची आमची तयारी नाही. कढईच्या वाफेत आयुष्य घालविण्यापेक्षा अंगच्या गुणावर पोट भरावे, यात पाप कोणते? आपल्या बापजाद्यांनी मुंबईची वाट धरली तेव्हा त्यांना कोणी लोभी म्हटले नाही. पण एक फरक आहे. आमचा चाकरमानी गिरणगावात गेला तरी गावकऱ्यांच्या खोलीत राहिला, मनिऑर्डर धाडीत राहिला, गणपतीला आणि शिमग्याला परतत राहिला. गावातल्या देवळाचा जीर्णोद्धार आणि शाळेची इमारत त्याच्या वर्गणीवर उभी राहिली. रेन्टनचा खेळाडू जिथे गेला तिथली बंडी त्याने अंगावर चढविली, आणि दर शनिवारी त्याच्या पायांचे मोल त्या शहराच्या पेटीत पडले. जाणाऱ्याने काही मागे पाठवावे, अशी वाटच त्या व्यवस्थेत ठेवलेली नव्हती. लहान गावाने खेळाडू घडवायचा आणि मोठ्या शहराने तो वापरायचा, हा रिवाज तेव्हापासून पडला आणि तो आजही मोडलेला नाही.

रेन्टनचे आज उरले आहे काय? जगज्जेतेपदाचा छोटा चषक हॅम्पडनच्या फुटबॉल संग्रहालयात आहे. तांबड्या कापडाच्या नमुन्यांच्या जाड वह्या एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपल्या आहेत, आणि त्यांत आपल्यासाठी काढलेले मोर अजून पिसारा फुलवून उभे आहेत. क्लब गेला, पण कोणत्या तारखेला कोणाशी खेळला, किती गोल केले, कोण कोठे गेला, हे सव्वाशे वर्षांनंतर आम्ही येथे बसून सांगू शकलो. कारण त्या लोकांनी लिहून ठेवले.

आपल्याकडे काय स्थिती आहे? गावोगावी क्रीडामंडळे निघाली, नाटकमंडळ्या निघाल्या, कबड्डीचे आणि खो-खोचे संघ गाजले. त्यांतले कित्येक कर्ते तरुण मुंबईस गेले तेव्हा बंद पडले. त्यांच्या नोंदी कोठे आहेत? आपल्या रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे आहे, म्हणजे रेन्टनच्या क्लबाहून चव्वेचाळीस वर्षांनी थोरले, आणि ते आजही चालू आहे. तेव्हा ठेवण्यास जागा नाही, ही सबब आपल्याला सांगता येणार नाही. श्रोत्यांपैकी कोणाच्या माळ्यावर एखाद्या बंद पडलेल्या मंडळाची इतिवृत्ताची वही, वर्गणीची यादी किंवा संघाचे छायाचित्र असेल, तर त्यांनी ते या पावसाळ्यात वाळवीच्या स्वाधीन करू नये. छायाचित्रातील माणसांची नावे सांगणारे कोणी घरात हयात असेल, तर ती आजच मागच्या बाजूस लिहून काढावीत.