सावळीला काय शोभतं?

परवा भाचीच्या साखरपुड्याची साडी घ्यायला लातूरच्या गंजगोलाईत गेलो होतो. दुकानदाराने तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि मोतिया, अबोली, फिक्कट आकाशी असा ढीगच समोर टाकला. मला हसू आलं. माझ्या लहानपणी आईही हेच रंग काढायला लावायची. सावळीला गडद रंग उठत नाही म्हणे! हा नियम पिढ्यान् पिढ्या चालत आलेला असणार, असं मी धरून चालले होते.

पण मग नांदेडची आजी? ती तर माझ्याहून काळी. आणि संक्रांतीला काळी कुळकुळीत चंद्रकळा नेसून ओसरीत उभी राहिली की बघत राहावं, असं मावशी अजून सांगते.

जुन्या काळी रंगारी वापरायचे ते रंग मोजकेच. निळीचा निळा, आलाच्या मुळांचा तांबडा, हळदीचा पिवळा, कुसुंब्याचा लाल. 1856 मध्ये लंडनला पर्किन नावाच्या 18 वर्षांच्या पोराला क्विनाईन बनवता बनवता चुकून जांभळा रंग सापडला. 1868 मध्ये मंजिष्ठेचा तांबडा प्रयोगशाळेत तयार झाला, 1897 मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आली. शेकडो छटा झाल्यावर 'मला काय शोभतं' हा प्रश्न सगळ्यांनाच पडू लागला. 1980 मध्ये कॅरोल जॅक्सन या अमेरिकन बाईंनी पुस्तक लिहून माणसांची चार ऋतूंत वाटणी केली. (आमच्या लातुरात ऋतू तीन, त्यातला पावसाळा भरवशाचा नाही. 2016 मध्ये पाणी रेल्वेने आलं!) गंमत म्हणजे त्या बाईंनी आपल्यासारख्या सावळ्यांना बहुतेक 'हिवाळ्या'त घातलं, म्हणजे काळा, गर्द निळा, राणी. आजीचेच रंग की!

त्याआधी आपल्याकडे रंग ठरायचा तो वर्णावर नाही, स्थितीवर. नवरीला हिरवा, संक्रांतीला काळा, आणि काही घरांत विधवेला आलवण. तो नियम काही मायाळू नव्हता. आजोबा गेले आणि आजीची चंद्रकळा मावशीकडे गेली. मी पाहिलेली आजी कायम फिक्कट लुगड्यातलीच.

दुकानात बसल्या बसल्या एकदम लक्षात आलं, आजीवर लादलेले ते रंग आणि आई माझ्यासाठी काढायची ते रंग एकच होते. आईला हे कधी जाणवलं होतं का, कोण जाणे. आता विचारायला ती नाही.

असो. भाचीने ढीग बाजूला सारला आणि वरच्या फळीवरची जांभळी काढायला लावली. गर्द, जरीकाठाची. दुकानदार म्हणाला, "ताई, एकदा उजेडात धरून बघा." धरली. तीच घेतली.