स्मरण आणि सेवा : रमाबाई रानडे

प्रिय माणूस गेल्यावर त्याचें स्मरण कसें करावें, हा प्रश्न प्रत्येक घरांत केव्हांना केव्हां उभा राहतो. कोणी तसबीर लावतो, कोणी श्राद्धतिथीस अन्नदान करतो, कोणी एखाद्या संस्थेस देणगी देतो. हे सर्व प्रकार योग्यच आहेत. परंतु ज्यानें आपणांस विद्या दिली, त्याचें ऋण एवढ्यानें फिटत नाहीं. मिळालेली विद्या दुसऱ्याच्या हातीं पोंचविली, म्हणजेच तें कांहींसें फिटतें. या मार्गानें शेवटपर्यंत चालत राहिलेल्या रमाबाई रानडे यांची कथा आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे.

रमाबाईंचा जन्म हल्लींच्या सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रें येथें, कुर्लेकर घराण्यांत झाला. १८७३ सालीं, वयाच्या ११ व्या वर्षीं, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशीं झाला. रानडे तेव्हां ३१ वर्षांचे होते व त्यांची पहिली पत्नी नुकतीच निवर्तली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या पुरुषानें वडिलांच्या आग्रहापुढें मान तुकवून एका लहान मुलीशीं लग्न केलें, म्हणून सुधारकांनीं त्यांना बोल लावला. तो अगदींच गैरवाजवी होता, असें आजही म्हणतां येणार नाहीं.

माहेरीं मुलींना लिहावयास शिकविण्याची चाल नव्हती. सासरीं येतांच रानड्यांनीं स्वतः अक्षरओळख करून देण्यास प्रारंभ केला. पुढें शिक्षिका नेमली. मराठीमागून इंग्रजी आली. घरांतील वडील स्त्रियांना मात्र हें मुळींच रुचलें नाहीं. धडा वाचावा, तर त्यांचे टोमणे ऐकावे लागत. न वाचावा, तर पति खिन्न होत. दोघांचाही मान राखून, उलट उत्तर न देतां, या मुलीनें अभ्यास सोडला नाहीं. १८८२ सालीं पंडिता रमाबाई पुण्यास आल्या, आणि त्यांच्या सभांना जाणाऱ्या स्त्रियांत रमाबाई रानडेही होत्या. १८८४ सालीं पुण्यांत मुलींचें हायस्कूल निघालें, तेंच पुढें हुजूरपागा म्हणून प्रसिद्धीस आलें. त्याच्या खटपटींत रानडे अग्रभागीं होते. त्यासंबंधींच्या सभेंत, प्रत्यक्ष गव्हर्नरांसमोर, रमाबाईंनीं इंग्रजी निवेदन वाचलें. ज्या घरांत एक पुस्तक उघडणें अवघड होतें, त्याच घरांतील सून आतां सभेंत उभी राहिली होती.

१६ जानेवारी १९०१ रोजीं रानडे निवर्तले. रमाबाईंनीं अजून चाळिशी गांठली नव्हती. त्या काळीं विधवेनें घराच्या आंतल्या खोलींत उरलेलें आयुष्य घालवावें, अशीच लोकांची अपेक्षा असे. प्रारंभीं कांहीं काळ रमाबाईही एकांतांत राहिल्या. नंतर मात्र त्या हळूहळू बाहेर पडूं लागल्या. तुरुंगांतील स्त्रियांस भेटणें, त्यांस चार हिताच्या गोष्टी सांगणें, हेंही त्यांनीं आपलें काम मानलें.

१९०८ सालीं मुंबईंत बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांच्या उद्योगानें सेवासदन स्थापन झालें, आणि त्याचें अध्यक्षपद रमाबाईंकडे आलें. १९०९ सालीं पुण्यांतही सेवासदनाचें काम सुरू झालें. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांचें त्यांस मोठें साहाय्य होतें. येथें प्रौढ स्त्रिया लिहिण्यावाचण्यास, शिवणकामास येत. कोणी शिक्षिका होत, कोणी परिचारिका. परिचारिकेचें काम कुलीन स्त्रीस कमीपणाचें समजलें जाई, त्या दिवसांतील ही गोष्ट आहे. आश्रितपणें दिवस काढणाऱ्या कित्येक विधवांच्या हातीं येथें स्वतःच्या कष्टाचा पैसा प्रथमच आला.

याच सुमारास, १९१० सालीं, ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें त्यांचें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यास गोपाळ कृष्ण गोखले यांनीं प्रस्तावना लिहिली. रानड्यांचे अर्थशास्त्रीय विचार वा त्यांचीं राजकीय मतें यांसाठीं कोणी हें पुस्तक हातीं घेणार नाहीं. त्यांत आहे तें घर : तेथील शिकवणी, रुसवे, प्रवास आणि आजारपण. पतीविषयींची भक्ति पानोपानीं आहे. तथापि त्या भक्तीपायीं लेखिकेनें विवाहाची अडचणीची हकीकत झांकली नाहीं, कीं स्वतःची झालेली ओढाताण लपविली नाहीं. म्हणूनच या आठवणींवर वाचकाचा विश्वास बसतो.

रमाबाई १९२४ सालीं वारल्या. अखेरच्या वर्षांत त्या मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठीं व स्त्रियांच्या मताधिकारासाठीं झटत होत्या. पुण्यांतील सेवासदन आजही चालूं आहे.

रानड्यांनीं एका मुलीस शिकविलें, हें त्यांच्या थोर कार्यापैकीं सर्वांत लहान काम म्हणून कोणी गणील. परंतु त्या एका शिकवणींतून पुढें किती स्त्रियांच्या हातांत पाटी आली, याचा विचार केला, म्हणजे तें लहान वाटत नाहीं. आपल्या घरांतही कोणी आपणांस असेंच शिकविलेलें असेल. त्या माणसाची तसबीर भिंतीवर अवश्य असावी. परंतु त्यानें दिलेलें पुढें कोणास दिलें, याचाही हिशेब प्रत्येकानें आपल्याशीं ठेवावा.