पायरी व्हायचं कोणी?

बारामती सोडून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की काटेवाडीच्या अलीकडं आमची पिंपळी येते. आषाढी जवळ आली की तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून याच रस्त्यानं जाते. दुपारी काटेवाडी, रात्री सणसर, मग बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटीला नीरा ओलांडून अकलूज. पिंपळीत मुक्काम नसतो. चहा, केळी, पाण्याचे जार, तळपायाला लावायला तेल, एवढंच आमच्या वाट्याला येतं. मी प्राथमिक शाळेत बाई होते. निवृत्त झाल्यावर गावातल्या पोरांनी रस्त्याकडेला मांडव घालून मला टेबलामागं बसवलं आणि चुकलेल्या माणसांची नावं लिहून घ्यायचं काम दिलं.

या कामात पहिली अडचण नावाचीच येते. "आजी, नाव काय?" म्हटलं की उत्तर येतं, "रथामागची दिंडी," आणि पुढं तिचा नंबर. पुन्हा विचारलं की गाव सांगतात. तिसऱ्यांदा विचारलं तर वैतागतात. "नाव कशाला पायजे, बाई? विणेकऱ्याला सांगा, तो वळखतो." घाबरलेलं कोणी नसतं. घरची माणसं दिसेनाशी झालीत, चपला कुठं गेल्या पत्ता नाही, पिशवी दुसऱ्याच्या ट्रकमध्ये आहे, तरी म्हातारी मांडवात बसून टाळ वाजवत असते. शाळेत हजेरी घेण्यात माझा जन्म गेला. नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं, हे मी पोरांना शिकवलं. इथं मात्र पुकारण्यासारखं नावच कोणी पुढं करत नाही.

माणूस असा स्वतःला विसरतो कसा, हे मला बरीच वर्षं गूढ वाटायचं. पाहता पाहता कळलं, की त्यामागं तीन शतकांत बसलेली शिस्त आहे. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 साली पालखीचा सोहळा सुरू केला. देहूहून तुकोबांच्या पादुका घ्यायच्या, आळंदीला जाऊन ज्ञानोबांच्या पादुका घ्यायच्या आणि दोघांच्या नावाचा एकच गजर करत पंढरपूर गाठायचं, अशी ती रीत होती. पुढं एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीची पालखी वेगळी काढली. बाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरचे सरदार. त्यांनी वारीला लष्करासारखी घडी घातली. दिंड्यांचा क्रम ठरला, कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणायचे याची मालिका ठरली, चोपदार आले.

ती घडी माणसावर काय करते, ते आमच्या रस्त्यावर उभं राहून दिसतं. कपाळाला गोपीचंदन आणि बुक्का, अंगावर पांढरं, गळ्यात तुळशीची माळ. दहा पावलांवरून सख्खा भाऊ ओळखू येत नाही. अभंग एकानं उचलायचा, दुसऱ्यानं पुढं न्यायचा, संपवायचा सगळ्यांनी. टाळाचा ठेका तासन्‌तास तोच. पावलीत शेजाऱ्याचा पाय उचलला की आपलाही उचलतो, त्याला वेगळा विचार करावा लागत नाही. समोर आला त्याच्या पाया पडायचं आणि त्यानं आपल्या पडायचं. तो कोण हे आधी विचारायचं नाही. सगळ्यांना हाक एकच, माऊली. तक्रारसुद्धा एकट्याची राहत नाही. आळंदीच्या पालखीत मुक्कामावर समाजआरतीच्या वेळी चोपदारानं दंड वर केला की सगळा तळ शांत होतो. ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग चोपदार तिकडं जातो. गाऱ्हाणं दिंडीचं असतं, न्यायही दिंडीलाच मिळतो.

अंगात येण्यापेक्षा हे वेगळं आहे. आमच्या भागात तेही पुष्कळ. जत्रेत देवीची पालखी निघाली की बायका घुमायला लागतात, केस मोकळे सुटतात, हळदीकुंकवानं तोंड माखतं. तिथं माणूस बाजूला होतो आणि त्याच्या जागी देव बोलतो. लोक त्या देवाला कौल विचारतात, नवस बोलतात. वारीत माणूस बाजूला होतो आणि ती जागा रिकामी राहते. तिला कोणी भविष्य विचारत नाही. अंगात येणं, नवस-सायास यांची तुकोबांनी भरपूर टर उडवली आहे. आणि त्याच तुकोबांनी एका अभंगात आपलं मरण आपण डोळ्यांनी पाहिलं आणि तो सोहळा अनुपम होता, अशा अर्थाचं सांगितलं आहे.

मीपण टाकणाऱ्यांना वारकरी परंपरेनं जी जागा दिली, ती पायरीची. पंढरपूरच्या महाद्वारात पहिली पायरी नामदेवांची. संतांचे पाय लागावेत म्हणून त्यांनी तिथं समाधी घेतली, असं परंपरा सांगते. हैबतबाबांनी तेच केलं. त्यांची समाधी आळंदीला ज्ञानोबांच्या देवळाच्या महाद्वारात पायरीशी आहे. ज्यानं तलवार बाळगली, ज्याच्या शब्दावर फौजा हलल्या असतील, त्यानं लोकांच्या पायाखालची जागा मागून घेतली. शाळेत हे सांगताना मुलं गप्प व्हायची. मीही भारावून सांगायचे.

पण नामदेवांच्या पायरीसमोरच आणखी एक समाधी आहे, चोखोबांची. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं होतं. 1338 साली ते कूस ढासळलं आणि वेठीला धरलेल्या मजुरांबरोबर चोखोबा त्याखाली गेले. ढिगाऱ्यातली हाडं कोणाची हे ओळखायचं कसं? नामदेवांनी एकेक हाड कानाला लावलं आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं ते चोखोबांचं, अशी कथा आहे. स्वतःला विसरण्याची याहून मोठी गोष्ट मराठीत मला माहीत नाही. माणूस गेला, चेहरा गेला, नाव गेलं, उरलं ते फक्त देवाचं नाव. तरी त्या हाडांना जागा मिळाली ती दाराबाहेर. नामदेव पायरी झाले ते आपल्या इच्छेनं. चोखोबा पायरीशी राहिले, कारण त्यांना तिथवरच जाऊ देत. दर्शनाला आलेल्याला दोन्ही समाध्या समोरासमोर दिसतात आणि दोन्हीकडं तो सारखाच वाकतो. मला मात्र त्या सारख्या वाटत नाहीत.

पुढची सहाशे वर्षं चोखोबांच्या जातभाईंनी त्या समाधीपासूनच विठोबाला हात जोडले. साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मग मे 1947 मध्ये पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं, तेव्हा दहा दिवसांनी तो दरवाजा उघडायचं मान्य झालं. देश स्वतंत्र व्हायला तीन महिने उरले होते. आपण कोण हे विसरून नाचणारा समाज दुसरा कोण हे किती घट्ट लक्षात ठेवतो, याची ही मोजणी.

इरावती कर्वे आळंदीच्या पालखीबरोबर चालल्या होत्या. 'वाटचाल' नावाच्या लेखात त्यांनी ते लिहिलं. त्याचं इंग्रजी रूप 1962 साली परदेशी नियतकालिकात आलं. वाटेनं सगळे एकच अभंग म्हणायचे आणि मुक्कामाला ब्राह्मण वेगळे, मराठे वेगळे जेवायचे. हे त्यांना सलत राहिलं. तो लेख मी शिकाऊ शिक्षिका असताना वाचला आणि नंतर पालखीच्या दिवशी टाळांपेक्षा पंगतींकडं जास्त पाहायला लागले. टाळाला जात नसते. कोण कोणाच्या हातचं खातं, हे बघावं लागतं.

बायकांचं तर वेगळंच. आमच्या आजेसासूबाईंना माहेरचं नाव सांगायची पाळी आयुष्यात फारशी आलीच नाही. लग्नात नाव बदललं, मग अमक्याची सून, तमक्याची आई. त्या वारीला जायच्या तेव्हा घरचे म्हणायचे, म्हातारी मीपण सोडायला चालली. परत आल्या की त्या मात्र कोणत्या दिंडीत कोण भेटलं, कोणाला आपण गौळण शिकवली, कोणती बाई आपल्याला नावानं ओळखते, हेच सांगत बसायच्या. ज्यांना घरात मीपण मिळालं नाही, त्या ते रस्त्यावर मिळवत होत्या. आणि जेजुरीला काय होतं? लहानपणीच पोरीचं खंडोबाशी लग्न लावून तिला मुरळी करायचे. तिला कोणी विचारत नसे. शिवराम जानबा कांबळ्यांनी 1908 साली 'सोमवंशीय मित्र' काढलं आणि त्यातून या प्रथेवर हल्ला चढवला. 1934 साली मुंबई सरकारनं देवदासी संरक्षणाचा कायदा केला. देवाला वाहिलेल्या त्या पोरींचं मीपणही गेलंच होतं. त्यांना कोणी संत म्हटलं नाही.

म्हणून मला तुकोबांच्या चरित्रातला एक प्रसंग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दुष्काळात घर मोडलं, पहिली बायको अन्नावाचून गेली. सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवायची असं त्यांनी ठरवलं. तेव्हा धाकटे भाऊ कान्होबा म्हणाले, मला संसार करायचाय. तुकोबांनी खतांचे दोन भाग केले, भावाचे भावाला दिले आणि आपल्या वाट्याचे तेवढे पाण्यात सोडले. टाकणं हे असं असतं. आपल्या वाट्याचं टाकायचं, दुसऱ्याच्या वाट्याला हात लावायचा नाही, आणि तूही टाक असं त्याला म्हणायचंही नाही.

काटेवाडीत पालखीपुढं परीट समाज धुतलेल्या धोतरांच्या पायघड्या घालतो, मग मेंढ्यांचं रिंगण होतं. तो आमचा मान आहे, असं ते सांगतात, आणि त्यांचा मान त्यांनी सांगावा. मी मध्ये बोलणारी कोण? फक्त वर्गात मुलांना एक विचारायची सवय मी लावली होती, की हे काम उद्या तुझ्या घरानं नको म्हटलं तर गाव काय म्हणेल. उत्तर 'काही नाही' असं येत असेल तर तो मान.

आता आमचा रस्ता चारपदरी पालखी महामार्ग झालाय. 2020 साली महासाथीत पादुका एसटी बसमधून गेल्या आणि पिंपळीचा रस्ता मोकळा राहिला. नंतर वारी पुन्हा सुरू झाली, गर्दी पहिल्यापेक्षा वाढली. शहरातून नोकरीवाली पोरं एक दिवस चालायला येतात. मांडवात बसतात आणि म्हणतात, बाई, इथं स्वतःला विसरायला होतं, किती हलकं वाटतं. मला ते खरं वाटतं. त्यांना घरी नाव आहे, हुद्दा आहे, उद्या परत जाऊन उचलायला मीपण जागेवर आहे. कीर्तनात कोणी उंच स्वरात 'मीपण सोडा' म्हणू लागलं, की मी समोर बसलेल्यांवरून नजर फिरवते आणि प्रत्येकाबद्दल एकच विचारते: याला, हिला, ते आधी धरू दिलं होतं का?