फेस, गोटी आणि सरकारी मोहर

झरी हे नाव मराठी वाचकाला २३ मे १९४५ च्या सभेमुळे ठाऊक असते. त्या दिवशी हजारो वारली तिथे जमले आणि बारा आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचे नाही, असे त्यांनी ठरवले. पण हा लेख त्या सभेविषयी नाही. तो याच तलासरी-डहाणू पट्ट्यातल्या एका जुन्या पेयाविषयी आणि त्यातल्या वायूविषयी आहे.

ताडाचा किंवा शिंदीचा रस पहाटे गोड असतो. मडक्यातले किण्व लगेच कामाला लागते. ऊन चढेपर्यंत फेस येतो, जिभेला चुरचुरते; दुसऱ्या दिवशी आंबट, पुढे शिरकाच. नीरा टिकवायची तर मडक्याला आतून चुना फासावा लागतो, तो यासाठीच. ही चुरचुर म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सोड्यातलाच वायू. फरक इतकाच की सोड्यात तो बाहेरून भरतात आणि ताडीत तो आतून तयार होत राहतो.

बाहेरून भरण्याची विद्या युरोपातली. जोसेफ प्रिस्टलेने १७६७ मध्ये लीड्सच्या एका दारूभट्टीत, आंबणाऱ्या पिंपांवर साचलेला वायू पाण्यात मुरवून पाहिला. म्हणजे सोड्याचा जन्मही आंबण्यातूनच झाला, हे आपण विसरतो. १८०३ मध्ये विल्यम हेन्रीने नियम मांडला : दाब जितका जास्त, तितका वायू अधिक विरघळतो. पाणी थंड असेल तर त्याच दाबाला आणखी मुरतो. पाण्याच्या चौपट आकारमानाचा वायू मुरवायचा, तर चार अंश सेल्सिअसला घड्याळावर सुमारे पंचवीस-सत्तावीस पौंड पुरतात. तीस अंशांना सत्तरच्या वर लागतात. आज घरच्या फ्रीजमध्ये पिंप ठेवून नळाने बिअर किंवा सोडा काढणाऱ्या हौशी लोकांची पहिली चूक इथेच होते. ते दाब बघतात, थर्मामीटर बघत नाहीत.

आपल्याकडे हे ज्ञान कारखान्यांतून आले. मुंबईत पालनजी १८६५ पासून, पुण्याच्या कॅम्पात अर्देशिर १८८४ पासून. हायरम कॉडची १८७२ ची गोटीची बाटली तर दाबाचे घड्याळच होती. बाटली फिरत्या चौकटीत घालून वायू मुरवायचा आणि उलटी करायची. वायूचा जोर गोटीला रबरी कड्यावर दाबून धरी. जोर कमी पडला की गोटी खाली पडे. फार झाला तर बाटलीच फुटे. अशिक्षित कामगारालाही कळेल असे हे मापन. आजही गोटी आत ढकलताना जो आवाज येतो, त्यावरून गिऱ्हाईक सोडा ताजा की शिळा ते ओळखते.

ताडीला अशी बाटली चालत नाही. शॅम्पेनच्या बाटलीत दर लिटरला सुमारे चोवीस ग्रॅम साखर पुन्हा आंबू देतात. तेवढ्यावर सहा वातावरणांचा दाब चढतो, म्हणून तिची काच जाड. ताडाच्या ताज्या रसात साखर दर लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास. बूच घट्ट लावणे म्हणजे सुतळी बॉम्ब बांधणे.

अबकारी खात्याच्या कारभाराकडे मी या नजरेने पाहतो. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर गाळलेली दारू सरकारला आवरता आली : भट्ट्या एकवटल्या, तीव्रता मोजली, गॅलनवर कर बसवला, पिंपाला मोहर लावली. मोह आवरण्यासाठी १८९२ मध्ये ठाणे-कुलाबा जिल्ह्यांपुरता वेगळा कायदाच झाला आणि घरात फुले साठवणेही परवान्याचे झाले. ताडी मात्र ना साठवता येई, ना मोहरबंद करता येई; सकाळची मोजणी संध्याकाळी खोटी. म्हणून कर पेयावर न बसता झाडावर बसला. छेदायचे झाड आधी नोंदवा, पैसे भरा, मग मडके बांधा. रस कमी आला, पावसाने नासला, तरी झाडाचा कर ठरलेलाच. तोटा शेवटी झाडावर चढणाऱ्याच्या माथी. कायद्याला नैतिकतेचा मुलामा पुढे मिळाला. सुरुवातीचा हिशेब मला तरी बुचाचाच दिसतो.

१९४९ चा दारूबंदी कायदा आला, मग परवाने आले. १९६० मध्ये उंबरगाव गुजरातेत गेले आणि सीमेपलीकडे बंदी राहिली. रसाने यातले काही मनावर घेतले नाही. आता मडक्याऐवजी प्लास्टिकची बाटली आली आहे, आणि ताडी घरी नेणारा तिचे झाकण दोन आटे सैलच ठेवतो.