खलाशाचा विसावा

समुद्रावरील मृत्यूचा दोष आपण सहसा वादळाच्या माथी मारतो. इतिहासाची पाने चाळली की मात्र निराळे चित्र दिसते. लाटांप्रमाणेच आजाराने आणि थकव्यानेही दर्यावर्दी माणसाला गाठले. आणि या दोहोंवरचा उपाय हाती येऊनही तो त्याच्यापर्यंत फार उशिरा पोचला.

इ. स. १४९८ च्या ऑक्टोबरात वास्को द गामा कारवारनजीकच्या अंजदीव बेटावरून परतीला निघाला. आफ्रिकेचा किनारा गाठायला त्याला सुमारे तीन महिने लागले. ताजे अन्न मिळेना, माणसांच्या हिरड्या सुजू लागल्या आणि तीसेक जण वाटेतच दगावले. उरलेल्यांत सर्व गलबते हाकण्याइतके हात नव्हते. म्हणून १४९९ साली ‘सांव राफाएल’ हे गलबत जाळून टाकावे लागले.

या रोगाचे नाव स्कर्व्ही. १७४७ साली जेम्स लिंड या स्कॉटिश शल्यवैद्याने ‘सॅलिसबरी’ या युद्धनौकेवरील १२ रुग्णांच्या सहा जोड्या केल्या व प्रत्येक जोडीवर वेगळा उपचार केला. संत्री आणि लिंबू मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. तरीही ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस देण्याचा निर्णय घेतला तो १७९५ साली. मधल्या ४८ वर्षांत किती घरांचे कर्ते पुरुष गेले असतील!

थकव्याची कथा याहूनही लांबली. १९२० साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची परिषद इटलीतील जिनोव्हा येथे भरली. खलाशांच्या कामाच्या तासांना मर्यादा घालणारा तेथील मसुदा दोन-तृतीयांश मतांअभावी नामंजूर झाला. १९३६ साली तसा करार झाला, पण तो कधीच अमलात आला नाही. मात्र जिनोव्हात दार बंद झाले त्याच वर्षी ग्लासगो शहरात मोजक्या कॅथलिकांनी खलाशांसाठी सेवाकार्य उभे केले. आज ते ‘स्टेला मारिस’ या नावाने बंदराबंदरांत चालते.

२४ मार्च १९८९ रोजी गुड फ्रायडे होता. मध्यरात्र नुकतीच उलटली असताना ‘एक्झॉन व्हाल्डीझ’ हे तेलवाहू जहाज अलास्कात खडकावर चढले आणि एक कोटी गॅलनांहून अधिक तेल समुद्रात गेले. अमेरिकेच्या चौकशी मंडळाने कप्तानाच्या मद्यप्राशनाबरोबरच पहाऱ्यावरील अधिकाऱ्याचा थकवा व त्याच्यावरील कामाचा अतिरेक ही कारणे नोंदवली.

अखेर २००६ चा सागरी श्रम करार २०१३ पासून लागू झाला. भारताने तो २०१५ साली स्वीकारला. २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती, असा दंडक त्यात आहे. परंतु जेथे दोनच अधिकारी सहा-सहा तासांचा पहारा आळीपाळीने देतात, तेथे सलग झोप कोठून मिळणार? विश्रांतीच्या नोंदी कागदोपत्री जुळवल्या जातात, हेही अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी ख्रिस्तसभा खलाशांसाठी प्रार्थना करते. आपल्या किनारपट्टीवरील कित्येक घरांतला मुलगा आज जहाजावर आहे. त्याचा फोन आला की पगार किती साठला, घरी कधी येणार, हे आपण विचारतोच. यापुढे आणखी एक प्रश्न आपण आधी विचारू या: ‘बाळा, झोप पुरेशी होते ना?’