पिवळ्या पायांची कुळकथा

अकोला-अमरावतीकडच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, फिरणाऱ्या गावरान कोंबड्यांच्या रंगाला काही नेम नसतो. एकाच रवणातून, म्हणजे एका खेपेला उबवलेल्या अंड्यांतून, काळी, तांबडी, ठिपक्यांची, उघड्या मानेची अशी सगळी पिल्लं निघतात. त्यांच्यातल्या पुष्कळांचे पाय मात्र पिवळे असतात. या कुळाची खास भारतीय खूण शोधायची, तर ती या पायांत सापडते.

जगातल्या सगळ्या पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासून झाल्या, असं डार्विननं १८६८ मध्ये मांडलं. ते बहुतांशी खरं ठरलं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानं पाळीव कोंबडीची सर्वांत जवळची नातलग उपजात नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमारच्या रानांत दाखवली. निःसंशय पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडं थायलंडमधल्या बान नोन वाट इथली. त्यांचा काळ इ.स.पू. १६५० ते १२५०. भात आणि भरड धान्याची शेती सुरू झाली, सांडलेल्या दाण्यांनी रानपाखराला माणसाजवळ ओढलं आणि ते तिथंच राहिलं, असा संशोधकांचा तर्क आहे.

पण तांबड्या रानकोंबड्याचे पाय राखाडी असतात. मग पिवळा रंग आला कुठून? २००८ मध्ये स्वीडनच्या उपसाला विद्यापीठातल्या संशोधकांनी याचं उत्तर दिलं. कातडीतलं पिवळं रंगद्रव्य मोडणारं एक जनुक असतं. पिवळ्या पायांच्या कोंबडीत ते कातडीपुरतं बंद असतं, म्हणून दाण्यापाल्यातला पिवळेपणा पायांत साठतो. जनुकाचं हे रूप करड्या रानकोंबड्याकडून आलेलं आहे. हा करडा रानकोंबडा जगात फक्त भारतात सापडतो आणि मेळघाटातही तो आरवतो. म्हणजे पूर्वेकडून आलेल्या पाहुणीची सोयरीक इथल्या रानाशी झाली, आणि तिचे पिवळे पाय पुढं जगभर गेले.

गावात तिचं बस्तान जुनं आहे. मनुस्मृतीत द्विजांना न चालणाऱ्या पदार्थांत लसूण-कांद्याच्या जोडीला ‘ग्रामकुक्कुट’ येतो. सर्रास दिसणाऱ्या गोष्टीलाच मनाई करावी लागते. वऱ्हाडात माळकऱ्याच्या घरी कोंबडी नसायची, पण कुणब्याच्या, मुसलमानाच्या, दलितांच्या वस्तीतल्या आणि मेळघाटातल्या कोरकूंच्या अंगणात ती असायची. बुरडानं विणलेलं डालं, रात्रीसाठी खुराडं, ज्वारीची कणी, उकिरड्यावरचे किडे, एवढ्यावर ती जगायची. अंड्यांचे पैसे बहुधा घरातल्या बाईच्या हाती राहायचे.

रानातली कोंबडी वर्षाला जेमतेम १०-१५ अंडी घालते. गावरान ५० ते ७० घालते, तीही खेपाखेपांनी. डझनभर अंडी झाली की ती खुडूक होते, म्हणजे उबवायला बसू पाहते. मग टोपलीत राख आणि वर कुटार घालून तिच्याखाली अंडी ठेवतात. अंधार पडल्यावर ठेवली तर ती बिचकत नाही. एकवीस दिवस ती बसते, दाण्यापाण्यापुरती उठते. सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात अंडं धरलं की आतल्या शिरा दिसतात. ज्यात काही दिसत नाही ते अंडं बाजूला काढायचं. उबवणीला साधारण साडेसदतीस अंश लागतात, आणि अकोल्यात मे महिन्यात सावलीतही पारा त्याच्या कितीतरी वर जातो. म्हणून रवण हिवाळ्यात ठेवलेलं बरं. पिल्लं निघाल्यावर पुढचे दोनेक महिने ती त्यांना घारीपासून जपते, चारा टिपायला शिकवते. तेवढा काळ अंडी बंद.

हा बंद काळच पुढं उद्योगाला खटकला, पण त्याआधी इथली कोंबडी समुद्रापार गेली. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडचा झुंजीचा असील इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये गेला. त्याच्या रक्तातून कॉर्निश जात झाली आणि तीच आजच्या ब्रॉयलरच्या मुळाशी आहे. त्याच सुमारास इंग्लंड-अमेरिकेत हौशी कोंबडीपालनाचं वेड पसरलं. १८५२ मध्ये जॉर्ज बर्नम या अमेरिकनानं राणी व्हिक्टोरियाला भल्यामोठ्या आशियाई कोंबड्या नजर केल्या. ब्रह्मपुत्रेवरून नाव पडलेली ब्रह्मा जात याच लाटेतली. वऱ्हाडातली हौशी मंडळी आज ब्रह्मा नि सिल्की दाखवण्यासाठी पाळतात, तेव्हा ते वेड फिरून घरी आलेलं असतं.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर सरकारी केंद्रांनी पांढरी लेगहॉर्न पसरवली. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि अंड्याचा कारखाना झाला. लेगहॉर्न वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते, कारण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिचं खुडूक होणं जवळजवळ काढून टाकलंय. गावातली म्हातारी माणसं तिला नावं ठेवतात, “थे बसतच नाही!” पाय मात्र तिचेही पिवळेच.

दरम्यान वऱ्हाडाच्या शेतातून ज्वारी हटली, सोयाबीन आलं. ज्वारीची कणी सांदवाडीतल्या कोंबडीच्या पोटात जायची. सोयाबीनचं तेल काढल्यावर उरलेली पेंड पोल्ट्रीच्या खाद्यात जाते. कच्चं सोयाबीन कोंबडीला पचत नाही, त्यामुळे शेतात पिकूनही ते परसातल्या कोंबडीच्या उपयोगाचं नाही.

परसाची आठवण संशोधनालाही झाली. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठातून १९८९ मध्ये गिरिराज ही जात आली, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेतून वनराज आणि ग्रामप्रिया. रंगीत पिसं, गावरानपेक्षा जास्त अंडी. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्यांची संख्या ३१ कोटी ७० लाख भरली, आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी जास्त. अमरावतीच्या लेआउटमधल्या प्लॉटवर चार-पाच कोंबड्या पाळणारा नोकरदार याच जाती आणतो. मानमोडीचा रोग येऊ नये म्हणून पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब देतो. एका कुपीत शंभरावर मात्रा असतात आणि ती फोडल्यावर टिकत नाही, म्हणून शेजारपाजारचे हौशी एकाच दिवशी लस उरकतात.

पण या सुधारित जाती सहसा बसत नाहीत. मग उबवणी यंत्र तरी लागतं, नाहीतर एखादी गावरान. यंत्रातून पिल्लू बाहेर येतं, पण त्याला घार ओळखायला कोण शिकवणार? शिवाय गावात आणलेल्या वनराजच्या कोंबड्याची पैदास अंडी थोडी जास्त घालते आणि बसते कमी. पिवळे पाय टिकतील, त्यांना कसला धोका नाही. धोका आहे तो बसण्याच्या गुणाला. म्हणून खुडूक कोंबडीला पाण्यात बुचकळून उठवण्याची घाई करू नये, आणि पैदाशीसाठी कोंबडा घेताना त्याच्या तुऱ्याच्या आधी एक चौकशी करावी: याची माय रवणावर बसत होती का?