रस्त्यावरचे छायाचित्र आणि पाहणाऱ्याची जात

छायाचित्रात काय आले हे कॅमेरा ठरवितो. पण त्याचा अर्थ पाहणाऱ्याच्या आयुष्यातून निघतो. आमच्या प्रस्थापित कलासमीक्षेने ही साधी गोष्ट अद्याप मनावर घेतलेली नाही. रचना, तोल, रंगसंगती, छायाप्रकाश हे शब्द ती अशा थाटात वापरते की जणू सर्वांचे डोळे एकाच घरात वाढले आहेत. रस्त्यावरच्या छायाचित्राला तर हा थाट मुळीच लागू पडत नाही. रस्ता आम्हाला सहज मिळालेला नाही. त्यावरून कोणी चालावे, कोणाची मिरवणूक जावी, हे प्रश्न आमच्या वाडवडिलांनी मार खाऊन सोडविले आहेत.

औरंगाबादपुरते, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरपुरते, बोलू. १८९९-१९०० च्या दुष्काळात निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या पेढीने या भागातील मदतकार्याची छायाचित्रे घेतली. त्यांतील एकाचे इंग्रजी शीर्षक मराठीत 'कृशतेचे नमुने, औरंगाबाद' असे होईल. उपासमारीने हाडे वर आलेली माणसे कॅमेऱ्यासमोर बसविलेली आहेत. शीर्षकात त्यांचे नाव नाही, गाव नाही. नमुना धान्याचा असतो, कापडाचा असतो. इथे तो माणसांचा आहे. ही दृष्टी एका पेढीची नव्हती. १८६८ ते १८७५ या काळात निघालेल्या 'द पीपल ऑफ इंडिया' या आठ खंडांनी जातीजमातींचे असेच नमुने मांडले होते. दीनदयाळ मोठे कलावंत होते, याबद्दल वाद नाही. काम मिळाले, ते चोख झाले. राज्यकर्त्याच्या दिवाणखान्यात अल्बम उघडणाऱ्याला त्यात मदतकार्याची व्यवस्था दिसली असणार.

हे छायाचित्र मी वर्गात दाखवितो. एका विद्यार्थ्याने शरीरांवरच्या प्रकाशाबद्दल चांगले निरीक्षण मांडले. दुसऱ्याची आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली. तो म्हणाला, "सर, यांना असं बसा म्हणून कुणी सांगितलं असंल?" माझ्या मते रचनेविषयीचा पहिला प्रश्न हाच आहे. चित्रातली जागा कोणी दिली आणि ती नाकारण्याची सोय होती का?

रंगाचेही तसेच. काळ्यापांढऱ्या फिल्मवर निळा, हिरवा, भगवा हे तिन्ही राखाडी होऊन जातात. दुसऱ्या एखाद्या शहरात त्याने फारसे बिघडत नसेल. या शहरात झेंड्याचा रंग कळला नाही तर छायाचित्रच कळले नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळाल्या. त्या काळच्या वृत्तपत्री छायाचित्रांतले मोर्चे पाहा. बाहेरच्या माणसाला त्यात गर्दी दिसेल, कदाचित तिरप्या काठ्यांची लय दिसेल. आमच्या माणसाला तो राखाडी झेंडा निळाच दिसतो. ही स्मृतीने भरलेली जागा आहे, तिला भावुकता म्हणून मोडीत काढता येणार नाही.

याहून मोठे उदाहरण खुद्द बाबासाहेबांच्या प्रतिमेचे आहे. त्यांची आपल्या परिचयाची छायाचित्रे काळीपांढरी आहेत. त्या त्या दिवशी कोट कोणत्या रंगाचा होता हे त्यांतून कळत नाही. कोट निळा केला तो कॅलेंडर छापणाऱ्यांनी, पुतळे रंगविणाऱ्यांनी, वस्तीतल्या भिंतीवर ब्रश फिरविणाऱ्या पेंटरांनी. १९४२ साली स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या झेंड्याचा निळा रंग त्यांनी छायाचित्रावर चढविला. समाजाने छायाचित्राचे केलेले हे वाचन आहे, आणि ते इतके पक्के झाले की आता काळा कोट दिसला तर पोर विचारते, हे बाबासाहेबच का?

रघुबीर सिंग यांच्यासारख्या थोर छायाचित्रकाराचे म्हणणे होते की रंग हाच भारतीय दृष्टीचा स्वभाव, काळेपांढरे हे पाश्चात्त्य मनाचे. जयपूरच्या सरंजामी घराण्यात जन्मलेल्या माणसाला रंग असा सर्वत्र वाहताना दिसला, तर नवल नाही. अकोल्यात जन्मलेल्या सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे काळ्यापांढऱ्यात काढली. तीही भारतीयच दृष्टी आहे. त्यांच्यापुढे उभा राहणारा रसिक म्हणतो, काळ्यापांढऱ्यात वेदना कशी उठून दिसते! सफाई कामगाराचा मुलगा आधी हात पाहतो, आणि हातात मोजे आहेत का ते पाहतो.

जाणकार मंडळी रस्त्यावरच्या छायाचित्रात बेसावध क्षणाला मान देतात. कार्तिए-ब्रेसाँच्या १९५२ च्या पुस्तकापासून 'निर्णायक क्षण' हा मंत्रच झाला आहे. कॅमेऱ्याकडे सरळ पाहणारा, ताठ उभा माणूस त्यांना कृत्रिम वाटतो. मला हे मान्य नाही. ज्यांचे बेसावध आणि असहाय रूपच दुसऱ्यांनी आजवर टिपले, त्यांना सावध होऊन, इस्त्रीचे कपडे घालून, आपली जागा आपण निवडून उभे राहण्याचा हक्क आहे. ताठ उभे राहणे हीही रचनाच आहे.

१४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी माणसे खेड्यापाड्यांतून येतात आणि विद्यापीठ गेटसमोर फोटो काढून घेतात. गेल्या खेपेस एक कुटुंब उभे होते : आजोबा, सून, दोन नातू. फोटो काढणारा पोरगा म्हणाला, "बाबा, जरा डावीकडं सरका, तोंडावर उजेड येईल." त्याचे बरोबर होते, उजेड तिकडूनच होता. पण म्हातारा हलला नाही. मागे वळून त्याने एकदा गेटकडे पाहिले आणि म्हणाला, "तिकडं सरकलो तर नाव झाकतंय."